माती द्यायची, फुटाणे घ्यायचे

भिंत लिंपून अन्नपूर्णानं हात धुतले, वळून पाहिलं, तर स्नेहल भिंतीला तोंड लावून उभी. हनुवटीला ओली माती, नाकाच्या शेंड्याला माती. वासरानं खारट दगड चाटावा तशी ती सावकाश, मन लावून भिंत चाटत होती.

“अवं माय! आत्ताच तं लिपली ना व! आत्ताच!”

अन्नपूर्णानं तिला बखोटीला धरून ओढलं, मांडीवर आडवं घेतलं आणि तोंडात बोट घालून माती खरवडून काढली. स्नेहल बोटाला चावली. अन्नपूर्णानं तिच्या पाठीत धपाटा घातला. पोरगी रडली नाही. जिभेवर उरलं होतं तेवढं तिनं गिळलं आणि पुन्हा भिंतीकडं पाहिलं.

“मारून का होते?” घरापुढच्या सपरीत तांदूळ निवडत बसलेली सासू धुरपताबाई म्हणाली.

“मंग कायनं होते थे तुमीच सांगा, आत्याबाई. मिरची लावून पायली, मिरचीसुद्दा चाटलन. कडूनिंब लावला, थो बी चाटलन. आता का घराची भिंतच काढून ठेऊ?”

बाहेरून दुर्गाची हाक आली. भाताच्या रोवण्याची टोळी बोरिंगपर्यंत पोचली होती. अन्नपूर्णानं लुगड्याचा काचा मारला, डब्यात भात-भाजी कोंबली, पोरीला सासूच्या पुढ्यात बसवलं आणि ती निघाली. फाटकाशी येऊन तिनं एकदा मागं पाहिलं. स्नेहल तांदळातले खडे वेचत होती. वेचून तोंडात टाकत होती. अन्नपूर्णा तशीच पुढं गेली. परत फिरली असती तर टोळी गेली असती.

स्नेहलला पाचवं लागलं होतं. बोलणं मोजकंच; आजी, पानी, नाई, एवढ्यात तिचं भागायचं. मात्र खायला तिला काहीही चालायचं. छपराच्या कवेलूचे तुकडे, चुलीतला कोळसा, अंगणवाडीतला खडू, पायलीभर वाळूतली नेमकी जाड वाळू. गेल्या हिवाळ्यात तिचं पोट फुगून टणक झालं. गोंदियाच्या दवाखान्यात नळ्या घातल्या, औषधं दिली तेव्हा कुठं पोट सुटलं. डॉक्टर म्हणाला होता, “यावेळी सुटलं. पुढच्या वेळी पोट उघडावं लागेल.” जंताच्या गोळ्या झाल्या, रक्त वाढायचं औषध महिनोन् महिने झालं. नखं लाल झाली, गाल जरा भरले. खाणं काही सुटलं नाही.

आणि यंदा पावसानं आषाढ कोरडा काढला. खाऱ्यांमधले पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, वाढून पिवळे पडायला लागले तेव्हा कुठं कालव्याला पाणी सोडलं. मग सगळ्या गावाचा रोवणा एकदमच निघाला. भिवाटोल्यात बाई सापडेना. दुर्गाच्या टोळीनं केशोरावाच्या भाताच्या बांध्या एकराच्या ठरल्या भावानं अंगावर घेतल्या होत्या. जेवढं लवकर उरकेल तेवढं चांगलं. मागं राहणारी बाई कुणालाच नको होती.

अशात अंगणवाडीत आलेल्या तपासणीच्या डॉक्टरानं स्नेहलला पाहिलं आणि सांगितलं, गोंदियाला एक मॅडम बसतात, पोरांच्या अशा सवयींवर इलाज करतात, येत्या सोमवारी न्या.

“रोवन्यात सुट्टी?” दुर्गा बांधीतून उठलीसुद्धा नाही. वाकूनच म्हणाली. “लगन आहे का कोनाचं?”

“पोरीले न्याचं आहे, बाई.”

“मागल्या साली बी पोरीलेच न्याचं होतं. नाव अन्नपूर्णा आन पोर खाते माती.” दोघी-तिघी हसल्या. अन्नपूर्णाही हसली. न हसून काय करणार होती?

नवरा हिरालाल तिरोड्याच्या पॉवर हाऊसवर ठेकेदाराच्या हाताखाली रात्रपाळीला होता. सकाळी घरी आला की अंगावरची धूळ न झटकता आडवा व्हायचा. सोमवारी त्यानं एक डोळा उघडून विचारलं, “आता कोनता डॉक्टर?”

“डॉक्टर नाई मने. मॅडम आहे. सवय मोडते मने.”

“आदी भिंतीची मोड.” तो कुशीवर वळला. 

लिल्हारे मॅडम वयानं लहानच होत्या. गोंदियाच्याच, अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायच्या. त्यांनी स्नेहलचं पोट पाहिलं नाही की जीभ पाहिली नाही. खाली सतरंजीवर बसल्या आणि अन्नपूर्णाला विचारत राहिल्या. कधी खाते? कुणी जवळ असताना की नसताना? मऊ माती जास्त की कडक? खाताना कुणी ओरडलं तर काय करते?

“लवकर गिरून घेते,” अन्नपूर्णा म्हणाली.

मॅडम हसल्या. “बरोबर. ओरडलं की फक्त स्पीड वाढते. ताई, ती जानबूझके नाही करत. तिला कुरकुरीत पाहिजे, दाताखाली काहीतरी फुटायला पाहिजे. ते आपण तिला देऊ. पण आपल्या हातानं.”

त्यांनी उकळून धुतलेला कवेलूचा एक तुकडा सतरंजीवर ठेवला. स्नेहलनं तो झटक्यात उचलला. तोंडाजवळ नेणार तोच मॅडमचा हात मध्ये आला. ना ओढणं, ना हिसकणं. हात नुसता मध्ये. दुसरा तळहात त्यांनी उताणा पुढं केला.

“दे.”

स्नेहल देईना. मॅडमनी तिचा हात हळूच खाली आणला. तुकडा तळहातावर पडला आणि पडताक्षणी एक फुटाणा स्नेहलच्या ओठांशी आला. ती चकित झाली. चावला. कडाम् आवाज झाला. मॅडमनी तुकडा पुन्हा खाली ठेवला.

असं किती वेळ चाललं. अन्नपूर्णाला जांभई आली, मग उचकी आली. गाडीची वेळ टळत होती. कधीतरी स्नेहलनं तुकडा उचलला, तोंडाकडं नेला, थांबली आणि आपणहून मॅडमच्या तळहातावर ठेवला.

“म्हनजे तिनं माती उचललन का तिले खाऊ द्याचा?” अन्नपूर्णानं विचारलं.

“उचलली म्हणून नाही. दिली म्हणून. और एकदम लगेच. मारायचं नाही, रागवायचं नाही, तोंडावरसुद्धा राग नको. घरात सगळ्यांनी हेच करायचं. एकानं केलं, दुसऱ्यानं नाही केलं, तर बेकार.”

“मॅडम, माये हात दिवसभर चिखलात राह्यते. मी परे लावू का फुटाने देऊ?”

मॅडमनी तिच्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “कठीण आहे. मला याच्यापेक्षा सोपं माहीत नाही, ताई. असतं तर तेच सांगितलं असतं.”

परतीच्या गाडीत अन्नपूर्णाला त्या बाईचा रागही धड करता येईना. तिनं खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं जुन्या झंपराच्या कापडाची पिशवी शिवली, पाणी लागू नये म्हणून आत पन्नी घातली, फुटाणे भरले आणि पिशवी गळ्यात अडकवली. दुसऱ्या दिवसापासून तिचं घर म्हणजे नुसतं ‘दे’ झालं. चुलीपुढं दे, बोरिंगवर दे, परसाकडं गेलं तरी दे. भाकर थापता थापता एक हात पिठात, एक पोरीच्या तोंडापुढं. स्नेहल आधी चिडली, ओरबाडलं, लोळली. मग तिला गंमत कळली.

आणि एकदा कळल्यावर तिनं दुकानच मांडलं. तिला खायची नसलेली मातीही ती आणायला लागली. परसातल्या सांदवाडीतून विटांचे तुकडे, गोठ्याजवळचे खडे, खिळा, बटन, बिडीचं थोटूक. मूठ भरून यायची, आईच्या पायावर ओतायची आणि तोंड उघडून उभी राहायची. हिरालाल पाळीवरून आला, चटईवर आडवा झाला आणि ताडकन उठून बसला. पाठीखाली कवेलूचा ढीग होता.

“हे का लावलं तुमी? इलाज आहे का मलबा उचलाचा ठेका?”

“मॅडमनं सांगतलन.”

“मॅडमच्या घरी टाक ना मंग हे.”

शेजारच्या पोरांनाही पत्ता लागला. एका सकाळी दारात रांगच. “काकू, हा घ्या दगड.” “काकू, माया मोठा आहे.” अन्नपूर्णा खराटा घेऊन धावली तशी पोरं पांगली. स्नेहलला मात्र रांग आवडली होती. ती पोरांच्या मागं जाऊन पुन्हा आली.

धुरपताबाई हे सगळं ओठ मुडपून पाहत होती. “माती आनली का फुटाने. असानं तं मीबी आनीन.”

“तोंडात घालून नाई राह्यली ना पर? द्याले येऊन राह्यली ना?” अन्नपूर्णा ओरडली. ओरडता ओरडता तिचं तिलाच उमगलं की गेल्या काही दिवसांत पोरीच्या शौचात खडे दिसले नव्हते. पण ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती. असल्या गोष्टीचा आनंद कुठं सांगायचा?

सासूवर सोडण्यापेक्षा बरं म्हणून ती स्नेहलला बांधीवर न्यायला लागली. धुऱ्यावर, बांधीच्या मातीच्या कडेवर, छत्री रोवायची, खाली पोरीला बसवायची आणि पाच हातांवर रोवायला वाकायचं. रोवणा म्हणजे एका ओळीत मागं मागं सरकत जायचं. एकीचा हात थांबला की ओळ वाकडी होते. स्नेहलनं धुऱ्यावरचा मुरूम उचलला की अन्नपूर्णा चिखलातून पाय उपटत धावायची, हात लुगड्याला पुसायची, फुटाणा द्यायची, परत यायची. तोवर तिच्या वाट्याचा तुकडा तसाच मोकळा, आणि दोन्ही बाजूच्या बाया पुढं गेलेल्या.

दोन दिवस दुर्गानं सोसलं. तिसऱ्या दिवशी ती कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

“तुये पाय बांधीत कमी आन धुऱ्यावर जास्त, बाई. तुया वाटा का आमी रोवाचा?”

“संद्याकारी थांबून पुरा करतो ना मी.”

“संद्याकारी कालव्याचं पानी उतरते. असं कर, तू पेंड्या टाक.”

पऱ्ह्यांच्या पेंड्या खारीतून वाहून बांधीत फेकायच्या, हे काम टोळीतल्या म्हाताऱ्याचं किंवा नव्या पोराचं. त्याची मजुरीही कमी. अन्नपूर्णा लग्न होऊन आल्यापासून रोवणारीण होती. तिचा हात टोळीत सगळ्यांत सरळ चालायचा, हे दुर्गालाही माहीत होतं. तिनं मान हलवली आणि कावड उचलली. पेंड्यांचं पाणी मानेवरून पाठीत झिरपत होतं. धुऱ्यावरून पाय घसरून ती एकदा पडली. पेंड्या चिखलात, ती पेंड्यांवर. कुणी हसलं नाही हे तिला जास्त लागलं. पण पेंड्या वाहणारीला दर खेपेला पोरीजवळून जावं लागतं. जाता-येता तळहात पुढं करायला ते बरं पडत होतं.

मग पावसाची झड लागली. पोरीला छत्रीखाली बसवण्यासारखं राहिलं नाही. अन्नपूर्णानं पिशवी गळ्यातून काढून सासूच्या गळ्यात घातली. “हात आडवा लावाचा, दे मनाचं, लगेच फुटाना द्याचा. रागवाचं नाई. समजलं ना आत्याबाई?”

“मले का शिकवतं? तुया नवऱ्याले कोनं वाढवलन?”

संध्याकाळी ती ओली होऊन घरी आली तेव्हा सपरी शांत होती. धुरपताबाई पाय पसरून बसली होती. शेजारी स्नेहल. तिच्या हातात छुईचा, भिंत पांढरी करायच्या मातीचा, लिंबाएवढा गोळा होता. ओठ, दात, जीभ पांढरी. पिशवी खुंटीला टांगलेली.

“आत्याबाई!”

“रडून राह्यली होती. दुपारपासून रडली. फुटाने फेकून देलन. मंग का करू मी? थोडीसी छुई चाटलन तं का मरते? हिरालाल पोटात होता तवा मीबी खाल्ली. चुलीत भाजून खाल्ली. काई झालं का मले?”

“तिचं पोट फाडाचं मनत होता डॉक्टर! फाडाचं!” अन्नपूर्णानं गोळा हिसकला, अंगणात भिरकावला. पोरीच्या तोंडात बोट घातलं. मॅडमनं जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं तिनं त्या एका दमात केलं. ओरडली, हिसकलं, गालावर मारलं. खुंटीवरची पिशवी ओढून काढली आणि फुटाणे अंगणाच्या चिखलात उधळून दिले. “घ्या! खा! सगरेच खा! मीच वेडी होऊन राह्यलो इथं!”

स्नेहल भिंतीच्या कोपऱ्यात सरकली. फुटाण्यांवर शेजारची कोंबडी आली.

त्या दिवसापासून स्नेहलनं देणं बंद केलं. आता ती पाठ करून खायची. रांजणामागं, पाटीखाली, गोधडीत. अन्नपूर्णानं ‘दे’ म्हटलं की पटकन गिळायची आणि रिकामा तळहात दाखवायची.

पुढच्या खेपेला अन्नपूर्णानं लिल्हारे मॅडमना सगळं सांगितलं, मारल्याचंही. आणि त्या काही म्हणायच्या आत स्वतःच भडकली. “तुमी सांगून मोकरं होता. घरात मी एकटी. नवरा झोपते, सासू माती चारते, टोळी मले हाकलून राह्यली. तुमी एक दिवस येऊन पाहा ना!”

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. “मारलं तर मारलं. परत पहिल्यापासून सुरू करू. एवढंच करता येतं.” मग म्हणाल्या, “सासूबाईंना आणा. मी बोलते.”

धुरपताबाईला गोंदियाला नेणं म्हणजे एक वेगळाच रोवणा झाला. आधी गुडघे दुखत होते, मग ठेवणीतलं लुगडं सापडेना, मग ‘मी का वेडी आहे का, मले कायले दवाखाना?’ शेवटी हिरालाल पाळीवरून आला तो झोपलाच नाही. आईपुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, “माय, मागल्या टायमाले पोरगी आयसीयूत होती तवा तू बाहेर भुईवर लोळलीस. आता गाडीत बसाले का होते तुले?”

ती बसली. वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली. मॅडमच्या खोलीत शिरताच म्हणाली, “जयभीम. मले सगरं समजते. मीबी पोरं वाढवली.”

“माहीत आहे, आजी. म्हणून तर तुमची मदत पाहिजे. स्नेहल दिवसभर कुणाजवळ असते?”

“मायाजवरच. दुसरी कोनाजवर राह्यते?”

मॅडमनी तिला समजावलं नाही. सतरंजीवर बसवलं, हातात फुटाणे दिले आणि कवेलूचा तुकडा समोर ठेवला. धुरपताबाईचा हात सावकाश चालायचा. तो नेमका वेळेवर मध्ये येईना. दोनदा स्नेहलनं तुकडा दातांत धरला, मॅडमनी सोडवला. धुरपताबाईच्या कपाळावर घाम आला. तिला लाज वाटत होती, आणि लाजेचा राग तिनं सुनेवर काढला: “पाहून का राह्यली व? जा, बाहेर जा तू.”

अन्नपूर्णा बाहेर बाकड्यावर जाऊन बसली. दाराच्या फटीतून तिला सासूची पाठ दिसत होती आणि उताणा, सुरकुतलेला तळहात. “दे. दे ना व, माय. आजीले दे.” बराच वेळ तेच. मग आवाज थांबला. अन्नपूर्णा उठून फटीशी गेली. तुकडा धुरपताबाईच्या तळहातावर होता आणि म्हातारी फुटाणा द्यायचा विसरून नुसती त्याच्याकडं बघत होती.

“आजी, फुटाणा! लगेच!” मॅडम म्हणाल्या.

“हो हो, देतो ना!”

परतीच्या गाडीत धुरपताबाई आपलाच तळहात बघत बसली. भिवाटोल्याच्या वाटेवर एकदम म्हणाली, “मले देलन तिनं. मायाच हातात.” आणि थोडं पुढं जाऊन, “तुले तं चावते.”

अन्नपूर्णाला हसावं की रडावं ते कळेना. घरी गेल्यावर तिनं पिशवी सासूच्या गळ्यात बांधली. स्वतःसाठी दुसरी शिवली, पन्नीशिवाय.

चांगलं झालं असं म्हणण्यासारखं काही नव्हतं. एक दिवस पोर दहा वेळा द्यायची, एक दिवस एकदाही नाही. धुरपताबाई डुलकी लागली की चुकायची, आणि चुकलेलं लपवायची, आणि लपवलेलं पोरीच्या दातांवर दिसायचं. मग दोघींचं वाजायचं. पण छुईची पाटी म्हाताऱ्या बाईनं स्वतःच उचलून शेजाऱ्यांकडं ठेवून दिली होती. झड ओसरल्यावर तीही गुडघे धरत बांधीवर यायला लागली, नातीजवळ छत्रीखाली बसायला. दुर्गानं ते पाहिलं आणि एका सकाळी ओळीत आपल्या शेजारी जागा सोडली. अन्नपूर्णानं कावड खाली ठेवली आणि ओळीत उतरली.

केशोरावाच्या शेवटच्या बांध्या राहिल्या होत्या. आधी रोवलेल्या बांधीला खोडकिडा लागू नये म्हणून केशोराव दाणेदार औषध फेकत होता. खतात कालवलेल्या औषधाचं घमेलं घेऊन तो पलीकडं गेलेला. औषधाचं पोतं धुऱ्यावरच, तोंड उघडं. काळसर, बारीक, मोहरीहून थोडे मोठे दाणे. छत्री पोत्यापासून लांब नव्हती.

अन्नपूर्णाला पायांच्या घोट्यांना काहीतरी लागलं म्हणून तिनं वाकूनच खाली पाहिलं. चिखलात स्नेहलचे पाय होते. पोरगी ओळीतून, नुकतेच लावलेले पऱ्हे तुडवत, थेट तिच्यापर्यंत आली होती. मूठ आवळलेली. मागं धुऱ्यावर धुरपताबाई छत्रीच्या दांड्याला टेकून झोपलेली.

“रोवलेलं तुडवलन व पोरीनं!” कुणीतरी ओरडलं.

स्नेहलनं मूठ पुढं केली. उघडली. घामेजल्या तळव्याला काळे दाणे चिकटले होते.

ओरडायचं नाही, हिसकायचं नाही. एवढंच तिच्या डोक्यात उरलं. चिखलानं भरलेला तळहात तिनं उताणा धरला. “दे, बाई. दे.” पोरीनं मूठ उलटी केली. दाणे चिखलाच्या हातावर पडले. अन्नपूर्णानं दुसरा हात पिशवीत घातला. पिशवीत पाणी होतं आणि फुटाण्यांचा लगदा.

स्नेहल तोंड उघडून उभी होती. मग तिनं आपल्या तळव्याला चिकटलेल्या दाण्यांकडं पाहिलं आणि हात तोंडाकडं न्यायला लागली.

अन्नपूर्णानं तो हात मनगटाशी धरला. “बाई!” ती दुर्गाकडं वळून एवढंच म्हणू शकली.

दुर्गानं दाणे पाहिले. हातातली पेंडी तिनं टाकून दिली. “कोनाजवर का आहे व खायाचं? पटकन! सुपारी, भाकर, काईबी!” ओळीतल्या बायांनी कनवट्या चाचपल्या. एकीनं पदराच्या गाठीतून भाजलेले पोहे काढले, चिखलाच्या बोटांनीच. दुर्गानं ते हिसकून घेतले आणि पोरीच्या तोंडात घातले. स्नेहलनं चावले. कुरकुर आवाज झाला. तिचं मनगट सैल पडलं.

मग अन्नपूर्णा ओरडली. पोरीला कडेवर घेऊन ती धुऱ्यावर चढली, बोरिंगवर साबणानं तिचा हात घासला, स्वतःचा घासला, तोंडात बोट घालून वास घेतला, आणि घासता घासता ओरडत राहिली. केशोराव घमेलं घेऊन धावत आला.

“काऊन उघडं ठेवलं? काऊन? तुमची नात असती तं ठेवलं असतं का तुमी?”

“मले का मालूम पोर येईन मनून? बांधीवर पोरं आनाचेच कायले?”

“मंग कुठं ठेवाचे?” हे दुर्गा म्हणाली. “गाडी काढा तुमची आदी. दवाखान्यात न्या तिले. मंग बोला.”

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरानं पोरीचे डोळे पाहिले, छाती ऐकली, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. काही झालं नव्हतं. सोडताना तो म्हणाला, “तोंडात गेलं असतं तर इथवर पोचला नसतात.” केशोराव बाहेर मोटारसायकलीवर बसून होता. त्यानंच त्यांना भिवाटोल्याला आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी टोळी बांधीवर आली तेव्हा पोतं तिथंच होतं, तोंडाला नुसता पीळ दिलेला. दुर्गा धुऱ्यावर बसली. तिच्या शेजारी बाकीच्या बसल्या. अन्नपूर्णा बसली. धुरपताबाई तर आधीच बसली होती.

केशोराव आला. “का झालं?”

“पोतं घरी न्या.”

“अवं, फेकाचंच आहे ना आज.”

“फेकाचं तवा आना. आता घरी न्या. मंग रोवना.”

बांधीतलं पाणी उतरत होतं, उशीर झाला तर रोवणा अडणार, हे केशोरावालाही दिसत होतं. मग त्यानं पोत्याला सुतळी बांधली, दोन गाठी मारल्या, पोतं डोक्यावर घेतलं आणि धुऱ्यावरून घसरत, सावरत गावाकडं चालू लागला. तो बोरिंगपलीकडं जाईपर्यंत एकही बाई उठली नाही.

“चला,” दुर्गा म्हणाली. “अर्दी सकार गेली तुया पोरीपायी. आता हात उचला.”

बाया बांधीत उतरल्या. ओळ लागली. पाणी घोट्याला थंड होतं. बराच वेळ पऱ्हे चिखलात खोचल्याचाच आवाज येत राहिला.

तेवढ्यात धुऱ्यावर स्नेहल उठली. खाली वाकली, काहीतरी उचललं. धुरपताबाई जागी होती, पण तिचा हात पोचण्याआधी पोरगी सरकली आणि मूठ आवळून थेट बांधीकडं निघाली.

अन्नपूर्णा कंबरेतून उठली. तिच्या शेजारची उठली, तिच्या पलीकडची उठली. ओळच्या ओळ हातात पेंड्या धरून सरळ उभी राहिली.

“आता का आनलन व?” दुर्गा वैतागून म्हणाली, आणि कनवटीला हात घातला.

स्नेहल पाण्याच्या काठाशी थांबली. तिनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि मूठ उघडली. गोगलगाय होती, अंगठ्याएवढी, अजून ओली.

“दे,” एकदम चार-पाच बाया म्हणाल्या.